प्रत्येक लाल डोळा ‘आलेला’ नसतो

जुलै २०२३ मध्ये पुण्याजवळच्या आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे येऊ लागले आणि महिना सरायच्या आत ती साथ राज्यभर पसरली. महिनाअखेरच्या सरकारी नोंदींत बुलढाणा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत पुढे होता. भुसावळ तिथून लांब नाही. मलकापूर बुलढाण्यात, भुसावळ जळगाव जिल्ह्यात, पण रेल्वेनं दोघांत तासाभराचंही अंतर नाही. नागपूर, इटारसी, मुंबई, सुरत अशा चारही दिशांच्या गाड्या ज्या जंक्शनवर थांबतात, तिथे साथ वेगळं तिकीट काढून येत नाही. त्या पावसाळ्यात शाळांच्या वर्गांत बाकं रिकामी पडली, घराघरात एकामागून एक माणूस डोळे चोळत उठू लागला आणि रस्त्यावर काळे चष्मे दिसू लागले. इथल्या लेवा पाटीदारांच्या घरांत म्हाताऱ्या बायका म्हणत, ‘डोये आले’, आणि तेवढ्यावर निदान पूर्ण व्हायचं.

बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही होतं. विषाणूनं येणारे डोळे ओळखायला अवघड नसतात. आधी एक डोळा लाल होतो, दोन-तीन दिवसांत दुसरा. वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी वाहतं, पापण्या सुजतात, कानाच्या पुढे बारीकशी गाठ हाताला लागते. लाली पापणीच्या आतल्या बाजूला आणि डोळ्याच्या कोपऱ्यांकडे जास्त असते. महत्त्वाचं म्हणजे चिकटलेल्या पापण्या स्वच्छ केल्या, पाणी टिपलं की पूर्वीसारखं दिसतं. आठवडा-दोन आठवड्यांत आजार आपोआप ओसरतो. अँटिबायोटिकचे थेंब विषाणूला मारत नाहीत. स्वच्छता, गार पाण्याच्या घड्या आणि विश्रांती हाच खरा उपचार.

ही साथ नजरेला नजर भिडल्यानं पसरत नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. ती पसरते हातानं, टॉवेलनं, उशीच्या अभ्र्यानं, एकाच काजळाच्या डबीनं, दाराच्या कडीनं. ॲडिनोव्हायरससारखा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस तग धरतो. काळ्या चष्म्यानं उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे जात नाही, एवढाच त्याचा उपयोग. समोरच्याला त्याचं संरक्षण नाही.

अशा साथी जुन्या आहेत. १९६९ साली आफ्रिकेतल्या घाना देशात डोळ्यांत रक्त उतरल्यासारखी लाली आणणारी एक नवी साथ सुरू झाली. माणूस चंद्रावर उतरला तो हाच काळ, म्हणून तिथले लोक तिला ‘अपोलो ११’चा आजार म्हणू लागले. एन्टेरोव्हायरस ७० हा त्यामागचा विषाणू. १९७१ मध्ये ती भारतात आली. मुंबईत तिनं घरंच्या घरं आडवी केली, आणि बंगालमध्ये बांगलादेशाच्या युद्धातल्या निर्वासितांबरोबर आली म्हणून तिचं नाव ‘जय बांगला’ पडलं. तेव्हापासून दर काही वर्षांनी विषाणू बदलून, पावसाळा साधून ती परत येते.

पण साथ आली की एक वेगळाच धोका जन्माला येतो, आणि हा लेख त्या धोक्यासाठीच लिहायला घेतला. गावभर डोळे आलेले असताना ज्याचा डोळा दुसऱ्याच कारणानं लाल झाला आहे, त्यालाही सगळे सांगतात, ‘साथीचंच आहे, जाईल आठ दिवसांत.’ तो मेडिकलमध्ये जाऊन थेंबांची बाटली घेतो. ते आठ दिवस त्याच्या दृष्टीचे शेवटचे ठरू शकतात. लाल रंग एकच, त्यामागची दुखणी डझनभर. त्यातली बरीचशी निरुपद्रवी, पण चार-पाच अशी की दिवसाचा उशीरही महागात पडतो.

भुसावळ परिसर या बाबतीत जणू नेत्ररोगाचं पाठ्यपुस्तकच आहे. इथे रेल्वेचे कारखाने आणि लोको शेड, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, आयुधनिर्माणी, गल्लोगल्ली ग्रिल आणि शटर बनवणारे वेल्डर. तापीच्या दोन्ही अंगांना यावल-रावेरपर्यंत केळी, तिकडे कपाशी, मका, दादर ज्वारी. त्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. डोळा लाल व्हायला आणखी काय हवं?

कारखान्यांतून सुरुवात करू. वेल्डिंगची झळ लागलेला माणूस कामावर असताना ठणठणीत असतो. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री, दोन्ही डोळ्यांत एकदम मिरची पडल्यासारखी आग होते, डोळे उघडता येत नाहीत, पाण्याच्या धारा लागतात. बुबुळाचा वरचा नाजूक थर अतिनील किरणांनी भाजलेला असतो. एक-दोन दिवसांत तो भरून येतो. घरात बटाट्याचे काप डोळ्यांवर ठेवले जातात. मिटल्या पापण्यांवर गारवा म्हणून ठेवले तर चालतील, डोळ्यात रस मात्र जाता कामा नये. खरं भय वेगळ्याच गोष्टीचं. दवाखान्यात तपासणीसाठी डोळा बधिर करणारा थेंब टाकला की क्षणात आराम पडतो आणि कामगार तीच बाटली मागून घेतो. बधिर करणारे थेंब पुन्हा पुन्हा टाकल्यानं बुबुळ भरून येणंच थांबतं, त्याला जखम पडते. ते घरी वापरायचं औषधच नाही.

ग्राइंडरवर काम करताना उडालेला लोखंडाचा कण एकाच डोळ्यात जातो आणि दर उघडझापीला टोचतो. त्या कणाभोवती बुबुळावर दिवसभरातच गंजाचं कडं तयार होतं. हळदीत भिजवलेल्या कापडाच्या टोकानं, काडीनं, सुईनं, नाही तर जिभेनं कण काढून देणारी माणसं प्रत्येक वस्तीत असतात. त्यांची भावना चांगली असते, पण त्यांच्या हातून कण निघतो आणि जंतू आत जातात. छिन्नी-हातोड्याचा प्रसंग याहून फसवा. हातोड्याच्या घावानं उडालेला बारीक तुकडा इतक्या वेगानं येतो की तो डोळा भेदून आत जाऊन बसतो. बाहेरून फक्त थोडी लाली दिसते, दुखणंही फार नसतं. ‘ठोकताना काहीतरी उडालं’ एवढं वाक्य पेशंटच्या तोंडून आलं की डॉक्टर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन का सांगतात, ते यावरून कळावं. हे वाक्य पेशंटनं आपणहून सांगितलंच पाहिजे.

आणि रेल्वेचे रनिंगवाले. लोको पायलटची दृष्टी ए-वन या सर्वांत कडक श्रेणीत मोजली जाते. ठरावीक वर्षांनी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत, म्हणजे पीएमईत, नापास झालो तर हातातली गाडी जाईल, ही धास्ती त्या घरांना पुरती ठाऊक असते. म्हणून लाल डोळा लपवण्याचा मोह होतो. बाजारात लाली घालवून डोळा पांढराशुभ्र करणारे थेंब मिळतात. ते रक्तवाहिन्या आकसून टाकतात, मूळ आजाराला हात लावत नाहीत आणि बंद केले की लाली दुप्पट होऊन परत येते. सिग्नलवर नजर ठेवणाऱ्याच्या डोळ्याशी असा खेळ मला पाहवत नाही.

आता शेताकडे वळू, कारण या भागातला सर्वांत घातक लाल डोळा तिथे तयार होतो. मका मोडताना धारदार पान डोळ्याला लागतं, दादरीच्या मळणीत कुसळ जातं, कपाशीची वाळकी काडी उलटून बसते, केळीची पानं कापताना फटका लागतो. त्या दिवशी फारसं काही वाटत नाही. माणूस डोळा चोळतो, पाण्याचा हबका मारतो, कामाला लागतो. काडी-पानांवर बुरशी असते, फ्युजॅरियम आणि ॲस्परजिलस या तिच्या नेहमीच्या जाती. खरचटलेल्या बुबुळात ती रुजते आणि पाच-सात दिवसांत सावकाश वाढते. डोळा लाल, उजेड सहन होत नाही, दुखणं रोज चढत्या भाजणीनं. मग आरशात पाहिलं तर काळ्या बुबुळावर करडा-पांढरा ठिपका. ‘डोळ्यात फूल पडलं’ असं आपण म्हणतो, ते फूल पुष्कळदा इथूनच येतं.

या बुरशीवर नाटामायसिन नावाचे थेंब आहेत. दक्षिण भारतात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ते नव्या, महाग व्होरिकोनाझोलपेक्षाही सरस ठरले. पण सुरुवातीला ते दर तासाला टाकावे लागतात, आठवडेच्या आठवडे चालवावे लागतात आणि बुबुळ पातळ होऊन फुटायच्या आत सुरू व्हावे लागतात. उशीर झाला तर नेत्रदानातून मिळालेल्या बुबुळाच्या रोपणाखेरीज मार्ग उरत नाही. बुरशीनं खाल्लेल्या डोळ्यात असं रोपणही पुष्कळदा टिकत नाही.

आणि मधल्या त्या दिवसांत मेडिकलच्या काउंटरवरून येते ती बाटली. तिच्यात अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं सूज आणि लाली ओसरते, म्हणून पहिल्या दोन दिवसांत पेशंटला औषध ‘लागू पडलं’ असं वाटतं. तेवढ्यात बुरशी मोकळी सुटते, कारण तिला अडवणारी शरीराची सेनाच औषधानं झोपवलेली असते. नागिणीच्या जातभाई विषाणूनं, म्हणजे हर्पिसनं, बुबुळावर फांद्यांसारखी जखम केली असेल तर तिथेही हेच घडतं. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य आजारात तेच डोळा वाचवतं, आणि ते कधी द्यायचं हे स्लिट लॅम्पखाली बुबुळ पाहूनच ठरवता येतं. पण लाल डोळा दिसला की हातात टेकवायची ती बाटली नव्हे. बाटलीवरचं बारीक नाव वाचा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन. यातलं कुठलंही नाव दिसलं आणि डोळ्याच्या डॉक्टरनं ते लिहून दिलेलं नसेल, तर ती बाटली उघडू नका. मागच्या वर्षी शेजाऱ्याला दिलेली उरलीसुरली बाटली तर नकोच नको. कायद्यानं ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. दुकानदारानं हे पाळलं तरी खानदेशातले कित्येक डोळे वाचतील, असं माझं ठाम मत आहे.

याच बाटलीचा दुसरा बळी म्हणजे आठ-दहा वर्षांची मुलं, त्यातही मुलगे जास्त. उन्हाळा लागला की यांचे डोळे खाजू लागतात, खाज इतकी की मूठ डोळ्यातून निघत नाही. पांढरा भाग मळकट-तपकिरी होतो, तारेसारखा लांब चिकट स्राव निघतो, उजेडात डोळे मिचकावले जातात. ही ॲलर्जी आहे, संसर्ग नाही. ती कोणाला लागत नाही आणि मूल वयात आलं की बहुधा निघून जाते. उष्ण, कोरड्या, धुळीच्या प्रदेशांत ती जास्त, म्हणजे आपल्याकडेच. घरचे ‘गरमी’ म्हणून धण्याचं पाणी, गुलाबपाणी, मध टाकून पाहतात आणि मग स्टेरॉइडची बाटली सापडते. तिनं खाज थांबते, म्हणून आई दर उन्हाळ्यात तीच बाटली मागते. अशा वर्षानुवर्षांच्या वापरानं डोळ्यातला दाब वाढत राहतो, काचबिंदू होतो, कोवळ्या वयात मोतीबिंदूही येतो. काचबिंदूनं गेलेली दृष्टी परत येत नाही. मूल दहावीला फळ्यावरचं वाचता येत नाही म्हणतं, तेव्हा डोळ्याची नस वाळून गेलेली असते. खाजेवर साधे ॲलर्जीचे थेंब, गार घड्या आणि टोपी-चष्मा यांनी पुष्कळ भागतं. स्टेरॉइड लागलंच तर डॉक्टरच्या नजरेखाली, थोडे दिवस, दाब मोजत.

चुन्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. तंबाखूचा चुना खानदेशात घरोघरी आहे. प्लॅस्टिकच्या ट्यूबा आणि पुड्या आल्या तसा तो लहान मुलांच्या हाती सहज पडू लागला. मूल ट्यूब दाबतं, तोंड घट्ट असतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. हा डोळा लाल होतो आणि जास्त भाजला तर उलट पांढराफटक पडतो, कारण रक्तवाहिन्याच जळालेल्या असतात. पांढरा डोळा पाहून ‘फार नाही लागलं’ असं वाटणं हा सर्वांत क्रूर गैरसमज. चुना आम्लापेक्षा खोल उतरतो आणि आत जाळत राहतो. इथे दवाखाना दुसरा, पाणी पहिलं. जागच्या जागी, नळाखाली, हंड्यानं, बाटलीनं, जे स्वच्छ पाणी मिळेल त्यानं, किमान अर्धा तास, पापण्या उलगडून, कोपऱ्यातले चुन्याचे कण धुऊन काढत. मग रिक्षा. तूप, खोबरेल, दूध काही नको. भिंतीचा चुना, सिमेंट, ॲसिड, फवारणीचं औषध, सगळ्यांना हाच नियम. दिवाळीत फटाका डोळ्यावर फुटला तर मात्र नियम उलटा. डोळा फुटला असण्याची शंका असेल तर धुवायचा नाही, चोळायचा नाही, दाबायचा नाही. वरून एखादा कागदी कप आधारासारखा चिकटवून, डोळ्याला न टेकवता, थेट इस्पितळ गाठायचं.

आता ज्याचं निदान पोटाच्या डॉक्टरकडे अडकतं तो लाल डोळा. साठीच्या आसपासची बाई, संध्याकाळी अंधार पडल्यावर अचानक एका बाजूचं डोकं फुटायला लागतं, उलट्या सुरू होतात, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसतात. उलट्यांमुळे सगळे पित्त समजतात, सलाइन लागतं. डोळ्याकडे पाहिलं तर तो लाल, बुबुळ धुरकट, बाहुली मोठी आणि उजेड टाकला तरी न हलणारी. मिटल्या पापणीवर बोट ठेवलं तर डोळा दगडासारखा टणक लागतो. हा तीव्र काचबिंदू. डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याची वाट बंद पडलेली असते आणि तासातासाला नस मरत असते. आपल्याकडे त्याला आणखी एक वाट आहे: ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हा जुना सल्ला. तो पन्नास वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेला लागू होता, आताच्या नाही. पिकत ठेवलेला मोतीबिंदू फुगतो आणि निचऱ्याची तीच वाट दाबून बसतो. कापूस वेचणी होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे, असं करत म्हाताऱ्या बाईचं ऑपरेशनच नेहमी पुढे ढकललं जातं, हे सांगायलाच हवं.

आयरायटिस, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याची सूज, याची जात निराळी. लाली काळ्या बुबुळाच्या कडेला जांभळट कड्यासारखी, बाहुली बारीक, उजेड नकोसा, आणि चिकट पू मुळीच नाही. तरुण माणसाला सकाळी कंबर धरत असेल आणि पुन्हा पुन्हा असा डोळा येत असेल, तर कंबर आणि डोळा एकाच आजाराची दोन टोकं असू शकतात. कपाळावर नागीण उठली आणि फोड नाकाच्या शेंड्यापर्यंत आले, तर डोळा लाल व्हायची वाट न पाहता तपासून घ्यावा. महिन्याच्या आतल्या बाळाचे डोळे चिकटले आणि लाल झाले तर काजळ-दूध न करता त्याच दिवशी डॉक्टर.

उलट, जो पाहून लोक सर्वांत जास्त घाबरतात तो लाल डोळा बहुधा सर्वांत साधा असतो. सकाळी उठून आरशात पाहिलं तर पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग. दुखत नाही, दिसतं नीट. खोकला, शिंक, उलटी, जड ओझं, कधी काहीच नाही. एक बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. दोन आठवड्यांत डाग पिवळा पडून जातो. रक्तदाब एकदा मोजून घ्यावा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला सांगावं, एवढंच. नाकाच्या बाजूनं बुबुळावर वाढत येणारं मांस, पापणीवरची रांजणवाडी, मोबाइलनं कोरडे पडलेले डोळे हेही लाल दिसतात, पण घाई नसते.

सुश्रुतानं उत्तरतंत्रात डोळ्याचे ७६ रोग मोजले. त्यात अभिष्यंद म्हणजे डोळे येणं, आणि त्याच्याच पुढचा, अर्धं डोकं घुसळून काढणारा अधिमंथ. स्राव कसला, वेदना कशी, लाली कुठली हे विचारल्याशिवाय तो औषधाकडे वळत नाही. हातात स्लिट लॅम्प नसताना इतकं बारीक पाहणारी परंपरा आपली, आणि आज आपण काउंटरवर ‘लाल डोळ्याचं औषध द्या’ म्हणतो.

घरी बसून करता येण्यासारखं पाहणं फार नाही, पण पुरेसं आहे. निरोगी डोळा हातानं झाका आणि लाल डोळ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. अंधुक दिसलं, खोल दुखत असलं, उजेड सहन होत नसला, बुबुळावर ठिपका दिसला, दोन बाहुल्या सारख्या नसल्या, लाली एकाच डोळ्यात अडून बसली, आधी मार लागला होता किंवा कॉन्टॅक्ट लेन्स होती, तर साथ कितीही जोरात असो, हा साथीचा डोळा नाही असंच धरून चाला आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. भुसावळमध्ये ते आहेत, जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, धुळ्याचंही आहे.

राहतो तो प्रश्न शेतमजुराचा, ज्याला त्याच दिवशी रोज बुडवून जळगाव गाठता येत नाही. त्याचं उत्तर नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यानं शोधलं आहे. तिथे गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी डोळ्याला मार लागलेली माणसं शोधून जवळच्या नेत्रकेंद्रात पाठवली. केंद्रात तपासून बुबुळ खरचटलेलं दिसलं तर क्लोरॅम्फेनिकॉल मलम तीन दिवस लावायचं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बुबुळ खरचटलेल्या ४४२ जणांवर हा उपचार झाला. ९६ टक्के जखमा संसर्गाविना भरल्या, आणि लागल्यापासून १८ तासांच्या आत जे आले त्यांच्यातल्या एकालाही व्रण झाला नाही. आपल्याकडे प्रत्येक गावात आशाताई आहे. बुबुळावरची जखम दाखवणाऱ्या रंगाची पट्टी, ती पाहायला निळी टॉर्च आणि मलमाची ट्यूब तिच्या पिशवीत सहज मावते. दादरीची मळणी फेब्रुवारी-मार्चमध्ये लागते. यावल, रावेर, चोपडा, भुसावळ तालुक्यांतल्या आशांचं प्रशिक्षण त्याआधी व्हायला हवं. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं मनावर घेतलं तर ते जमण्यासारखं आहे.